ताज्या पुड्या आधी, जुन्या मागे

रक्तातली साखर वाढली की स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, हे आपण शाळेतच शिकतो. पण ते आयत्या वेळी बनत नाही. आधीच बनवून, जस्ताच्या साथीने स्फटिकरूपात घट्ट बसवून, पातळ पटलाच्या इवल्या पुड्यांत भरून ठेवलेलं असतं. एका पेशीत अशा सुमारे १०,००० पुड्या. एकेकीचा व्यास जेमतेम ३०० नॅनोमीटर, आणि तेवढ्यात इन्सुलिनचे लाखाहून जास्त रेणू!

साखर वाढली तरी यातल्या फार थोड्याच पुड्या पेशीच्या कडेला जाऊन फुटतात. मग कुणाचा नंबर आधी लागतो? साधा हिशेब सांगेल, जी आधी आली ती. प्रत्यक्षात उलटंच घडतं. किरणोत्सारी अमिनो आम्लं वापरून केलेल्या जुन्या प्रयोगांतच दिसलं होतं, की नुकतंच बनलेलं इन्सुलिन आधी बाहेर पडतं.

का, हे कळायला मात्र वेळ लागला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या पुड्या सारख्याच, काळा गाभा आणि भोवती पांढरं कडं. वय चेहऱ्यावर दिसतच नाही! जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी मग इन्सुलिनला रंग पकडणारं एक प्रथिन जोडलं. त्या वेळी पेशीत असलेल्या पुड्यांवर एक रंग चढवायचा, काही तासांनी बनलेल्यांवर दुसरा. रंग पाहून वय सांगता येतं, आणि जिवंत पेशीत त्यांची धावपळही मोजता येते.

२०१५ साली त्यांनी दाखवलं, की तरुण पुड्या सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून झपाट्याने पळतात, आणि ग्लुकोज मिळालं की आणखी जोरात. म्हाताऱ्या पुड्या रेंगाळतात. ग्लुकोजची हाकही त्यांना फारशी हलवत नाही. पुढे त्या लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या मोडतोड करणाऱ्या पिशवीत जातात, तिथे त्यांचे तुकडे होऊन माल परत वापरात येतो. मला यातली काटकसर भारी वाटते: फुकट काहीच जात नाही.

पण तरुणपण ही काही सुटकेची हमी नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाला आढळलं, की पेशीला पोषण कमी पडलं तर गॉल्जीतून, म्हणजे पेशीत पुड्या बांधणाऱ्या भागातून, नुकत्याच बाहेर पडलेल्या, कोवळ्या पुड्यांनाही लायसोसोम गाठतो. खायला काही नसताना इन्सुलिन सुटलं तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाईल, म्हणून पेशी ताजा मालच मोडीत काढते.