रक्ताच्या उरलेल्या पिशव्या कोणाला?

मे महिना उजाडला की मुंबईतल्या रक्तपेढ्यांची चिंता वाढते. महाविद्यालये बंद असतात, नेहमीचे रक्तदाते गावी गेलेले असतात आणि शिबिरे रोडावतात. पण लोकलचे अपघात, अवघड बाळंतपणे आणि थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी लागणारे रक्त यांत खंड पडत नाही. आधीच साठा करून ठेवावा म्हटले, तर लाल पेशी 2 ते 6 अंश सेल्सिअस तापमानात फार तर 42 दिवस टिकतात आणि रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट पेशी सतत हलवत ठेवूनही जेमतेम 5 दिवस.

टंचाईत आधी पुढे ढकलता येण्याजोग्या शस्त्रक्रिया थांबवतात आणि हिमोग्लोबिन किती खाली गेल्यावर रक्त चढवायचे ती मर्यादा खाली आणतात. हिमोग्लोबिन 10 च्या खाली गेले की रक्त चढवायचे, हा जुना रिवाज 1999 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील अभ्यासानंतर ढिला पडला. 2013 मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी जठर व अन्ननलिकेतून रक्तस्राव होणाऱ्या रुग्णांमध्ये 9 ऐवजी 7 ही मर्यादा पाळून पाहिली, तेव्हा कमी रक्त मिळालेल्या गटातच अधिक रुग्ण वाचले. अर्थात, धो-धो रक्त जाणारे रुग्ण त्या अभ्यासातून वगळलेले होते. त्यांच्या बाबतीत हिमोग्लोबिनचा आकडा सुरुवातीला फसवा ठरतो, कारण पेशी आणि प्लाझ्मा (रक्तातला द्रव) एकाच वेळी वाहून जात असल्यामुळे उरलेल्या रक्तातले प्रमाण लगेच घटत नाही; तिथे नाडी, रक्तदाब आणि जखम पाहूनच ठरवावे लागते. अशा जखमींना पहिल्या 3 तासांत ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव रोखायला मदत करणारे स्वस्त औषध दिल्याने मृत्यू घटतात, हे 2010 मधील वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीतून पुढे आले.

गट तपासायलाही वेळ नसेल तेव्हा जवळपास कोणालाही चालणारी ओ निगेटिव्ह पिशवी काढली जाते. मात्र भारतात आरएच निगेटिव्ह (म्हणजे रक्तगटापुढे ‘निगेटिव्ह’ असलेले) लोक सुमारे 5 टक्केच असल्याने ती पिशवी मुली आणि मूल होण्याच्या वयातील स्त्रिया यांच्यासाठी राखून पुरुषांना ओ पॉझिटिव्ह देणे शहाणपणाचे असते. निगेटिव्ह गटाच्या स्त्रीला पॉझिटिव्ह रक्त देऊन तिच्या शरीरात आरएचविरोधी प्रतिद्रव्ये तयार झाली, तर धोका पुढच्या गर्भाला असतो. (1952 साली याच शहरात डॉ. य. मो. भेंडे यांनी नोंदवलेल्या बॉम्बे या दुर्मीळ रक्तगटाच्या माणसाला ओ गटाचेही रक्त चालत नाही, त्याला त्याच गटाचा दाता शोधावा लागतो.)

खरा पेच याच्या पुढचा आहे. मोठ्या अपघातातील एका रुग्णाला 24 तासांत 10 किंवा त्याहून अधिक पिशव्या लागू शकतात, आणि तेवढ्यात बाळंतपणानंतर रक्त जाणाऱ्या दोन-तीन स्त्रियांचे भागू शकते. आधी आला त्याला आधी, हा नियम न्याय्य वाटतो खरा, परंतु त्यात वाचण्याची शक्यता मोजलीच जात नाही. कॅनडाने अशा अतिटंचाईसाठी आधीच चौकट आखून ठेवली आहे. निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरवर न सोपवता वेगळ्या चमूकडे द्यायचा, रक्त देऊनही वाचण्याची शक्यता अत्यल्प असलेल्यांना ते द्यायचे नाही, आणि ज्यांना सुरू केले त्यांचा ठरावीक काळाने फेरविचार करायचा. यातली पहिली अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरने समोरच्या रुग्णासाठीच भांडावे, दोन रुग्णांत तोलत बसू नये.

आपल्याकडे मात्र एक अलिखित वाटप चालतच असते. पिशवीच्या बदल्यात नातेवाइकांनी रक्तदाता आणावा, असा आग्रह अनेक ठिकाणी धरला जातो. घरचे चार तरुण धावून येणाऱ्याला ते जमते. एकट्याने मुंबईत आलेल्या बांधकाम मजुराला जमत नाही. शिवाय आणलेल्या दात्याचे रक्त एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस हा गुप्तरोग व मलेरिया यांच्या चाचण्या होईपर्यंत कोणालाच देता येत नाही, त्यामुळे त्या क्षणी त्याचा उपयोग शून्य. टंचाईची नियमावली लिहायला घेतली, तर रक्तस्राव सुरू असलेल्या रुग्णापुरती ही अट आधी काढून टाकावी लागेल.