मनोरंजन कायद्यात एलएलएम करायचंय? नाशिककरांसाठी पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

पहिली गोष्ट, पदवीच्या नावात ‘मनोरंजन’ शोधत बसू नका. आपल्याकडे चित्रपट, संगीत, नाटक यांचा कायदा बहुतेक ठिकाणी बौद्धिक संपदेच्या (कॉपीराइट, पेटंट वगैरेंच्या) एलएलएममध्येच, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातच, शिकवला जातो. जोधपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात ही शाखा आहे. अभ्यासक्रमात कॉपीराइट आणि करार किती खोलात शिकवतात, एवढं बघितलं की पुरे.

पात्रता सोपी आहे. तीन किंवा पाच वर्षांची एलएलबी, खुल्या गटाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ४५. वयाची कमाल अट नाही. शेवटच्या वर्षाला असाल तरी अर्ज चालतो. नाट्यशास्त्रात बी.ए. केलं असेल, तर मात्र आधी राज्याची सीईटी देऊन तीन वर्षांची एलएलबी करावी लागेल.

बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा दरवाजा म्हणजे क्लॅट पीजी, त्यांची सामायिक प्रवेश परीक्षा. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा वेगळी, आयलेट. क्लॅटला १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. गंमत म्हणजे ज्या कॉपीराइटसाठी एवढा खटाटोप, तो विषय या परीक्षेच्या अभ्यासक्रमाच्या यादीत नाही, भर राज्यघटनेवर. अर्ज पावसाळ्यात सुटतात आणि परीक्षा साधारण डिसेंबरात असते, म्हणजे एलएलबीच्या सत्र परीक्षांच्या तोंडावर.

अर्ज भरताना फोटो, सही आणि लागू असेल तर जातीचं किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. खरी धावपळ प्रवेशाच्या वेळी. दहावी, बारावी आणि एलएलबीच्या सगळ्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, कॉलेजचा दाखला आणि पुणे विद्यापीठाचं मायग्रेशन, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाण्याचं प्रमाणपत्र. राज्याच्या कोट्यातून जागा मागायची असेल तर अधिवास प्रमाणपत्र लागतं. ते ‘आपले सरकार’वरून किंवा सेतू केंद्रातून आधीच काढून ठेवा.

परदेशात मात्र थेट ‘मनोरंजन’ या नावाची पदवी मिळते, उदाहरणार्थ लॉस एंजेलिसच्या साउथवेस्टर्न लॉ स्कूलमध्ये. तिथल्या एलएलएमला सहसा एलसॅट ही अमेरिकी विधी प्रवेश परीक्षा लागत नाही. लागतात ट्रान्स्क्रिप्ट (विद्यापीठाने दिलेला सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा), इंग्रजीची परीक्षा, दोन शिफारसपत्रं आणि उद्देशपत्र, म्हणजे हे का शिकायचंय ते सांगणारा मजकूर. प्रवेश पक्का झाला की व्हिसासाठी कॉलेजकडून येणारा आय-२० फॉर्म, ३५० डॉलरचं सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचं) शुल्क, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि मुंबईत बीकेसीला अमेरिकी वकिलातीत मुलाखत.

घोळ होतो तो नावात. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा. पासपोर्ट नसेल तर नाशिकच्या सेवा केंद्रातच काम होतं, पण अर्जातलं नाव गुणपत्रिकेशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

उद्देशपत्रात ‘लहानपणापासून सिनेमाची आवड’ लिहू नका. फाळक्यांचं नाशिक हेही नको, ते सगळेच लिहितात. त्यापेक्षा एखादा खरा प्रश्न घ्या. कालिदास कलामंदिरात होणाऱ्या नाटकाच्या संगीतकाराने निर्मात्याला सगळे हक्क लिहून दिले, आणि पुढे तीच गाणी चित्रपटात वापरली गेली. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला त्याचा वाटा करारानेही काढून घेता येत नाही. मग नाटकाच्या करारातलं ते कलम कुठवर टिकतं? असं एक पान दहा विशेषणांपेक्षा जास्त बोलतं.

ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज मात्र उद्देशपत्राआधी टाका. ते विद्यापीठाकडून येतं, आणि तो वेळ तुमच्या हातात नसतो.