एअरलिफ्ट पंप

एअरलिफ्ट पंप : पाण्यात बुडवलेल्या उभ्या नळीच्या तळाशी हवा सोडून पाणी वर चढवण्याचे साधन. जमिनीवरील मत्स्यपालनात, म्हणजे टाक्या, अस्तर घातलेली शेततळी आणि तेच पाणी गाळून पुन्हा वापरणारे संच यांत, पाणी फिरते ठेवणे व त्यात प्राणवायू मिसळणे ही दोन्ही कामे ते एकाच ब्लोअरवर, म्हणजे हवा फुंकणाऱ्या यंत्रावर, करते.

या साधनाचे जनकत्व बहुधा जर्मनीतील फ्रायबर्गच्या कार्ल लोशर यांना दिले जाते आणि काळ १७९७ च्या सुमाराचा धरला जातो. खोल विहिरींतील वापर मात्र एकोणिसाव्या शतकातला असून अमेरिकेत ज्युलियस पोहले यांनी १८९२ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. नळीत हवा व पाणी यांचे थर आळीपाळीने चढतात आणि हवेचा थर दट्ट्यासारखा वरचे पाणी ढकलतो, अशी पोहले यांची मांडणी होती. दुसऱ्या मतानुसार बुडबुड्यांमुळे नळीतील मिश्रण हलके होते आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते उचलले जाते. मत्स्यटाकीतील रुंद, आखूड नळीला हे दुसरे मत अधिक लागू पडते, कारण तेथे हवा विखुरलेल्या बारीक बुडबुड्यांनीच चढते. अरुंद नळीत हवा वाढवली की नळीभर फुगे तयार होतात आणि पाणी सलग धारेने न येता उसळ्या घेत तोंडाबाहेर पडते. त्याहून अधिक हवा सोडल्यास ती नुसतीच निसटते व उपसा उलट घटतो.

वीजबचतीचे मर्म हेडमध्ये, म्हणजे पाणी किती उंच चढवायचे यात, आहे. ताशी १०० घनमीटर पाणी ३ मीटर चढवण्यास तत्त्वतः सुमारे ८२० वॉट शक्ती लागते, तर ३० सेंटिमीटर चढवण्यास केवळ ८२ वॉट. नळीचा बुडालेला भाग १.५ मीटर आणि पाण्याबाहेरचा चढ १० सेंटिमीटर असेल तर एकूण लांबीच्या सुमारे ९४ टक्के नळी पाण्यात राहते, आणि या स्थितीत हा पंप चांगला चालतो. चढ वाढत गेला की त्याची कार्यक्षमता झपाट्याने उतरते. त्यामुळे टाकी, गाळणी व जैविक फिल्टर (जिवाणूंकरवी पाणी शुद्ध करणारा भाग) शक्य तितक्या एका पातळीवर बांधणे हे मोटर निवडण्याच्याही आधीचे काम ठरते.

सोलापूर जिल्ह्यात उजनी जलाशयातील मासेमारी परिचित आहे. जमिनीवरील मत्स्यपालनाला आधार मिळतो तो डाळिंब व द्राक्ष बागांच्या शेततळ्यांचा. येथे बोअरचे पाणी तळ्यात आणण्याचा खर्च आणि तळ्यातले पाणी फिरवण्याचा खर्च वेगवेगळे मोजले पाहिजेत, कारण पाणबुडी मोटरचे हेड भूजलाची पातळी ठरवते, तर फिरवण्याचे हेड बांधणाऱ्याच्या हातात असते. फिरवण्यासाठीही बोअरच्याच अश्वशक्तीची मोटर बसवणे ही महागात पडणारी चूक आहे. शेतीच्या थ्री-फेज विजेला खंड पडतो आणि पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून उन्हाळ्याच्या रात्री बॅटरीवर चालणारा छोटा ब्लोअर जोडीला ठेवणे आवश्यक आहे. त्याचा पाइप पाण्याच्या पातळीखालून नेल्यास वीज जाताच पाणी उलटे ब्लोअरमध्ये शिरते. तेथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवावा लागतो.

जड पाण्यात हवेच्या छिद्रांवर क्षार व शेवाळी थर धरतो. छिद्रे बुजू लागली की ब्लोअरचा आवाज बदलतो, त्याचे कवच तापते आणि नळीच्या तोंडाशी उठणारा पाण्याचा फुगवटा बसत जातो. अशा वेळी नळी उपसून छिद्रे ब्रशने साफ करावी लागतात.