श्वसनीय कोळसाधूळ : मापन व नियमन

श्वसनीय कोळसाधूळ. कोळशाच्या खाणीत कटाई, छिद्रण, सुरुंगस्फोट व वाहतूक चालू असताना हवेत उडणाऱ्या धुळीपैकी जे सूक्ष्म कण नाकाघशात न अडकता फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात, त्यांना ही संज्ञा लावतात. अशी धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्याने होणाऱ्या विकारांना न्यूमोकोनिओसिस म्हणतात. ग्रीक ‘कोनिस’ म्हणजे धूळ, यावरून हे नाव जर्मन विकृतिशास्त्रज्ञ त्सेंकर यांनी १८६६-६७ च्या सुमारास घडविले. साचलेल्या कोळसाधुळीचा स्फोट होऊ नये म्हणून तिच्यात दगडाची पूड मिसळतात, तो विषय निराळा असून त्याचा येथे विचार केलेला नाही.

निव्वळ कोळशाची धूळ निरुपद्रवी असते, अपाय होतो तो तिच्यातील सिलिकेमुळे (गारेच्या दगडातील व वाळूतील खनिजामुळे), असे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक ब्रिटिश तज्ज्ञ मानत. जे. एस. हॉल्डेन यांच्यासारख्या मान्यवर शरीरक्रियाशास्त्रज्ञाचा पाठिंबा असल्याने हे मत बराच काळ टिकले. वेल्सच्या दक्षिण भागातील खाणकामगारांची मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९३७ पासून केलेली पाहणी आणि तिचे १९४० च्या दशकात प्रसिद्ध झालेले अहवाल यांनंतर कोळसाधुळीमुळे होणारा विकार सिलिकोसिसपासून (सिलिकेच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसविकारापासून) वेगळा मानला जाऊ लागला व ब्रिटनमध्ये त्यासाठी भरपाई मिळू लागली. तरीही सिलिकेचा वाद पूर्णपणे मिटला असे म्हणता येत नाही. आजच्या बहुतेक नियमांत धुळीची मर्यादा सिलिकेच्या प्रमाणाशी जोडलेली आढळते, ती त्याच वादाची खूण होय.

धूळ मोजायची म्हणजे नेमके काय मोजायचे, या प्रश्नाचे उत्तर मिळायला त्याहून अधिक काळ लागला. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींसाठी १९१६ च्या सुमारास तयार झालेले कोनिमीटर, अमेरिकेतील इंपिंजर आणि ब्रिटनमध्ये ग्रीन व वॉटसन यांनी १९३५ च्या सुमारास प्रचारात आणलेले औष्णिक अवक्षेपक या सर्व उपकरणांनी धूळ गोळा करून सूक्ष्मदर्शकाखाली कणांची संख्या मोजत. हे काम वेळखाऊ असे आणि मोजणारा बदलला की आकडाही बदले. ब्रिटनच्या राष्ट्रीय कोळसा मंडळाने १९५० च्या दशकाच्या आरंभी वीसहून अधिक खाणींत दीर्घकालीन पाहणी सुरू केली. कामगारांच्या क्ष-किरण चित्रांतील बदलांशी कणांच्या संख्येपेक्षा श्वसनीय धुळीच्या वजनाचा संबंध अधिक निकटचा आहे, असा निष्कर्ष तिच्यातून १९७० मध्ये पुढे आला आणि तेव्हापासून वजनावर आधारलेले मापन रूढ झाले.

वजन करायचे तर कोणते कण धरायचे व कोणते सोडायचे हे आधी ठरवावे लागते. १९५९ मध्ये जोहान्सबर्ग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय न्यूमोकोनिओसिस परिषदेने कोणत्या आकाराच्या कणांचा किती भाग धरायचा हे दाखविणारा वक्र मान्य केला, त्यानुसार पाण्याइतक्या घनतेच्या ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाच्या गोल कणांपैकी निम्मे धरले जातात आणि ७.१ मायक्रॉनचे कण पूर्णपणे वगळले जातात. या व्याख्येचे श्रेय बहुधा त्या परिषदेला देतात. परंतु मेडिकल रिसर्च कौन्सिलने ती १९५२ च्या सुमारासच स्वीकारली होती, हे पाहता परिषदेने तिला फक्त आंतरराष्ट्रीय मान्यता दिली असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. वक्राचा आकारही केवळ शरीरशास्त्रावरून ठरलेला नाही. आडव्या पट्ट्यांच्या चळतीमधून हवा संथपणे जाऊ दिली असता जड कण खाली बसतात आणि हलके कण पुढे गाळणीवर जमतात. अशा उपकरणात कण किती वेगाने खाली बसतात, यावर तो वक्र बेतलेला आहे. याच तत्त्वावरील एमआरई ११३ए हे उपकरण मिनिटाला २.५ लिटर हवा खेचते. आठ तासांच्या पाळीत १.२ घनमीटर हवा त्यातून जाते, म्हणजे हवेत घनमीटरला २ मिलिग्रॅम धूळ असेल तर गाळणीवर जेमतेम २.४ मिलिग्रॅम जमते. म्हणून गाळणी वापरण्यापूर्वी व नंतर सारख्याच कोरड्या स्थितीत तोलावी लागते. ओल राहिली तर तीही धूळ म्हणून मोजली जाते.

अमेरिकेत कामगाराच्या अंगावर लावायचे, हवा गरगर फिरवून जड कण वेगळे करणारे छोटे सायक्लोन उपकरण प्रचारात आले. त्याची कण निवडण्याची रीत वेगळी असल्याने त्यावरील आकड्याला १.३८ ने गुणून तो एमआरई उपकरणाच्या तोडीचा केला जाई. पुढे १९९५ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने निम्मे कण धरण्याची सीमा ४ मायक्रॉनवर आणली. नमुना कोठे घेतला यानेही आकडा बदलतो. ब्रिटनच्या १९७५ च्या नियमांतील घनमीटरला ८ मिलिग्रॅमची मर्यादा लांब भिंतीच्या कामातून (कोळशाचा थर सलग लांब भिंतीसारखा कापत जाण्याच्या पद्धतीतून) परतणाऱ्या हवेतील ठराविक जागेसाठी होती. ती अमेरिकेच्या २ मिलिग्रॅमच्या चौपट ढिली होती असे सरळ म्हणणे चुकीचे आहे, जरी तशा तुलना पुष्कळदा छापल्या जातात.

अमेरिकेत १९६८ च्या फार्मिंग्टन येथील कोळसा खाणीच्या दुर्घटनेत ७८ कामगार मृत्युमुखी पडल्यानंतर १९६९ चा खाण आरोग्य व सुरक्षा कायदा झाला. त्याने आधी ३ आणि १९७२ च्या अखेरीपासून २ मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. ऑगस्ट २०१६ पासून ती १.५ झाली. नमुने खाणमालकांनीच घ्यायचे असल्याने त्यांच्या विश्वासार्हतेवर वारंवार शंका घेतली गेली. गाळण्यांच्या मध्यभागी पांढरे डाग दिसतात, म्हणजे धूळ फुंकून काढली असावी, असा आरोप तेथील श्रम खात्याने १९९१ मध्ये शेकडो खाणींवर केला. लढविल्या गेलेल्या प्रकरणांत तो टिकला नाही. पाळी चालू असतानाच आकडा दाखविणारे उपकरण २०१६ पासून तेथे सक्तीचे आहे.

भारतात १९५७ च्या कोळसा खाण विनियमांतील धूळविषयक तरतुदींनुसार, धुळीत मुक्त सिलिका ५ टक्क्यांहून कमी असल्यास मर्यादा ३ मिलिग्रॅम होती व अधिक असल्यास १५ या आकड्याला सिलिकेच्या टक्केवारीने भागून ती काढत. २०१७ च्या विनियमांनी हे आकडे अनुक्रमे २ व १० केले. म्हणजे १० टक्के सिलिका असलेल्या धुळीची मर्यादा १.५ वरून १ मिलिग्रॅमवर आली. जुन्या विनियमांनुसार मापन निदान सहा महिन्यांतून एकदा करावे लागे. आकडा मर्यादेच्या ५० टक्क्यांवर गेल्यास तीन महिन्यांनी आणि ७५ टक्क्यांवर गेल्यास महिन्याने. उपकरणांना मान्यता देणे व तपासणी करणे ही कामे धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे आहेत.

महाराष्ट्रातील कोळसा नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील गोंडवन खडकांत असून तेथील बहुतेक खाणी नागपूर येथे मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या आहेत. पुणे व परिसर दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला असल्याने येथील वाचकाला धुळीचे आकडे भेटतात ते पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभारलेल्या ‘सफर’ यंत्रणेच्या फलकांवर, आणि तेही मायक्रोग्रॅममध्ये. राष्ट्रीय मानकांनुसार पीएम १० ची (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची) घनमीटरला चोवीस तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम असताना खाणीत २,००० चालतात, हे वाचून दचकायला होते. मात्र पहिली मर्यादा लहान मुले व आजारी माणसे धरून सर्वांसाठी, तर दुसरी आठ तासांच्या पाळीतील प्रौढ कामगारांसाठी आहे आणि कणांची सीमाही निराळी आहे. कोळसा खाणींच्या परिसरासाठी २००० मध्ये पर्यावरण कायद्याखाली काढलेल्या मानकांत तर ‘श्वसनीय’ हा शब्दच १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांना लावला आहे. खाणीतली श्वसनीय धूळ व तिच्या कुंपणाबाहेरची श्वसनीय धूळ या एक नव्हेत, हे अहवाल वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

धूळ कमी करण्यासाठी ओले छिद्रण, पाण्याचे फवारे, पुरेसे वायुवीजन आणि खुल्या खाणींत रस्त्यांवर पाणी शिंपडणे हे उपाय आहेत. मुखवटा हा शेवटचा उपाय मानतात.

भारतातील १९५५ च्या खाण नियमांनी कामगारांची तपासणी भरतीच्या वेळी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी ठरवून दिली. छातीचे क्ष-किरण चित्र आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या वर्गीकरणानुसार वाचतात. चित्रात दिसणारी छाया बहुधा दहा-वीस वर्षांपूर्वीपासून साचलेल्या धुळीची असते, त्यामुळे एखादी मर्यादा अपुरी होती की काय हे उशिरा कळते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये हा विकार संपल्याचे मानले जात असता २०१५ मध्ये तो पुन्हा आढळला आणि मर्यादा टप्प्याटप्प्याने सप्टेंबर २०२० मध्ये १.५ मिलिग्रॅमवर आणली गेली. अमेरिकेत व्हर्जिनियातील तीन दवाखान्यांत २०१३ ते २०१७ या काळात विकाराच्या सर्वांत गंभीर प्रकाराचे ४१६ रुग्ण नोंदले गेले. त्यामागे कोळशाचे थर पातळ झाल्याने कापाव्या लागणाऱ्या खडकातील सिलिका असावी, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे.