ब्रिटिश व्यक्तिचित्रं: मूळ, नक्कल आणि छाप

कॅप्टन जेम्स कुक म्हटलं की नौदलाचा गडद निळा कोट, पुढ्यात नकाशा आणि त्यावर टेकलेलं बोट आठवतं. ते नॅथॅनियल डान्सने 1775-76 मध्ये काढलेलं तैलचित्र. आज ते ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहे. ते सांगून काढून घेतलं जोसेफ बँक्सने. कुकच्या पहिल्या सफरीत हा निसर्गशास्त्रज्ञ बरोबर होता. नकाशा दक्षिण महासागराचा, कुकने स्वतः केलेला. जुलै 1776 मध्ये कुक तिसऱ्या सफरीवर निघाला आणि 1779 मध्ये हवाईत मारला गेला. पुढच्या पिढ्यांना त्याचा चेहरा कळला तो या आणि अशा दोन-तीन चित्रांवरून निघालेल्या छापांतून.

या कॅनव्हासचं माप 50 बाय 40 इंच. इंग्रज चित्रकार याला ‘हाफ-लेंग्थ’ म्हणत, माणूस गुडघ्यापर्यंत दिसत असला तरी. कापडाची मापं ठरलेली होती आणि दर मापावर होता. ‘थ्री-क्वार्टर’ म्हणजे 30 बाय 25 इंच, त्यात डोकं आणि खांदे. हात बहुधा नाहीत, कारण हात काढायला वेळ लागतो. पूर्णाकृतीला 94 बाय 58 इंचांच्या आसपास. मधलं 36 बाय 28 चं ‘किट-कॅट’ हे माप चित्रकार गॉडफ्री नेलरने रूढ केलं. व्हिग पक्षाच्या पुढाऱ्यांचा किट-कॅट क्लब होता आणि हे नाव ख्रिस्तोफर कॅट या भटाऱ्यावरून आलं असं मानतात. क्लबातल्या मंडळींची चाळीसहून जास्त चित्रं नेलरने याच मापात केली. एक हात मावेल एवढी जागा, आणि ओळीने टांगली की भिंत एकसारखी दिसते. न्यूटनची 1689 आणि 1702 ची प्रसिद्ध चित्रंही नेलरचीच. पहिल्यात न्यूटनचे स्वतःचे पांढरे केस आहेत, दुसऱ्यात विग.

चित्रकार जोशुआ रेनल्ड्स 1782 नंतर डोक्याचे 50, हाफ-लेंग्थचे 100 आणि पूर्णाकृतीचे 200 गिनी घेत असे. गिनी म्हणजे 21 शिलिंग. लेस्टर फील्ड्समधली त्याची चित्रखोली अष्टकोनी, साधारण 20 फूट लांब आणि 16 फूट रुंद होती. एकच लहान चौकोनी खिडकी, तिचा खालचा काठ जमिनीपासून 9 फूट 4 इंचांवर. उजेड वरून तिरपा पडतो, कपाळ आणि नाक उजळतं, हनुवटीखाली सावली बसते. त्या काळच्या इतक्या इंग्रज चेहऱ्यांवर सावली एकाच जागी का, याचं अर्धं उत्तर या खिडकीत आहे. बसणाऱ्याची खुर्ची दीड फूट उंचावर, खाली फिरती चाकं. ब्रशांच्या दांड्या 19 इंचांच्या, म्हणजे चित्रकार लांब उभा राहूनच रंग लावणार.

गिऱ्हाईक या खुर्चीत बसे ते मुख्यतः चेहऱ्यासाठी. कोट, पडदा, खांब हे नंतरचं काम, आणि ते पुष्कळदा दुसऱ्याच्या हातचं. रेनल्ड्सकडे पीटर टॉम्स कपडे रंगवत असे. त्याआधीच्या पिढीत योसेफ फान आकेन एकाच वेळी अनेक चित्रकारांचे कपडे करून देई. म्हणून वेगवेगळ्या सह्यांच्या चित्रांत तोच साटिनचा चमकदार चुणीदार कोट दिसला, तर नवल नाही.

खरा प्रसार केला मेझोटिंटने, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून चित्र कागदावर छापण्याच्या एका पद्धतीने. ही पद्धत 1640 च्या दशकात जर्मन प्रदेशात निघाली, पण तिच्यात इंग्रजांनी एवढा हात बसवला की युरोपात तिला ‘इंग्रजी पद्धत’ म्हणत. आधी तांब्याचा पत्रा दातेरी, गोल धारेच्या रॉकर नावाच्या हत्याराने सगळ्या दिशांनी डुलवत खरखरीत करायचा. असा पत्रा छापला तर कागद मखमलीसारखा पूर्ण काळा येतो. मग जिथे उजेड हवा तिथे तो खरखरीतपणा पात्याने खरवडायचा आणि घासून गुळगुळीत करायचा. काम अंधारातून उजेडाकडे चालतं, त्यामुळे तैलचित्रातल्या मऊ सावल्या यात उतरतात. अडचण अशी की तांबं मऊ. शंभर-दोनशे छापांत काळा भाग करडा पडू लागतो, मग पत्रा पुन्हा खरखरीत करतात आणि चेहरा हळूच बदलतो. पोलादी पत्रे 1820 च्या दशकात आले.

दुसरी गोम उलटेपणाची. पत्र्यावर चित्र सरळ काढलं तर छाप आरशातल्यासारखा येतो. डाव्या छातीवरचं सन्मानाचं तारापदक उजवीकडे दिसलं, तर छाप उलटा आहे. असा छाप पाहून कुणी पुन्हा तेलरंगात चित्र केलं की तेही उलटं, आणि रंग मनचे. सरदारांच्या हवेल्यांत अशी चित्रं ‘मूळ’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लटकत राहिली.

1769 मध्ये जेम्स ग्रेंजरने इंग्लंडमधल्या नामवंतांच्या छापील चित्रांची चरित्रवजा यादी काढली. राजघराण्यापासून अगदी खालच्या थरापर्यंत तिचे बारा वर्ग. संग्राहकांना ती खरेदीची यादीच मिळाली. छापांचे भाव चढले, आणि चित्रांसाठी जुनी पुस्तकं फाडली जाऊ लागली. त्यात ग्रेंजरचा दोष नाही, पण नुकसान झालं ते झालंच.

हाताहाताने चित्र कसं पुढे सरकतं याचं पुण्यातलं उदाहरण आहे. टिपूविरुद्धचा तह 1790 मध्ये पेशवे दरबारात झाला, ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे दरबारातला वकील, चार्ल्स मॅलेट समोर होता. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स मुंबईत उतरला 1791 मध्ये, म्हणजे प्रसंग त्याने पाहिलेलाच नाही. त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस यांची चित्रं प्रत्यक्ष पाहून केली, पण 1795 मध्ये तो वारला. मॅलेटसाठी तो दरबार शेवटी रंगवला थॉमस डॅनियलने, वेल्सच्या कामाच्या आधारे, इंग्लंडात, 1805 मध्ये.

रंगांचंही ऐकण्यासारखं आहे. गालांच्या लालीसाठी रेनल्ड्स किरमिजी वापरी: कोचिनील किड्यांचा रंग तुरटीने बसवलेला. उजेडात तो उडतो. गालावरचा गुलाबी गेला की खालचा थंड करडा-पांढरा उरतो आणि भला माणूस आजारी दिसतो. हे त्याच्या हयातीतच लोकांच्या लक्षात आलं होतं. सावल्यांना ऊब यावी म्हणून डांबरी तपकिरी लावत. ते कधीच पुरतं वाळत नाही. वर लवकर वाळणारा थर दिला की खालचा सरकतो आणि वरचा रुंद भेगांनी फाटतो. जवसाचं तेल आणि रुमी मस्तकीचं वॉर्निश मिळून होणारा ‘मेगिल्प’ लावायला लोण्यासारखा, पण पुढे पिवळा पडतो. त्यात राळ असल्याने वरचं वॉर्निश काढायला गेलं की रंगही सुटतो. शिवाय जुन्या कॅनव्हासला मागून नवं कापड चिकटवून गरम इस्त्री फिरवत, तेव्हा ब्रशाचे उंचवटे चपटे होत. असं चित्र उजेडात तिरपं धरलं की गुळगुळीतपणा लगेच कळतो.

मूळ कुठलं हा प्रश्न सरकारी पातळीवर आला तो लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीमुळे. अर्ल स्टॅनहोपने तो विषय 1846 पासून लावून धरला होता. डिसेंबर 1856 मध्ये संस्था स्थापन झाली आणि संसदेने 2,000 पौंड मंजूर केले. धोरण ठरलं ते असं: चित्रकाराची कला नंतर, चित्रातल्या माणसाची योग्यता आधी. पहिलं चित्र शेक्सपिअरचं म्हणून ओळखलं जाणारं ‘चँडोस’, लॉर्ड एल्समियरने दिलेलं. हयात माणसाचं चित्र घ्यायचं नाही, राजा-राणी सोडून. हा नियम 1969 पर्यंत टिकला. पहिले सचिव जॉर्ज शार्फ घराघरांत जाऊन चित्रं पाहत आणि वहीत रेखाटन, मजकूर, डोळ्यांचा रंग असं टिपून घेत. नकली चित्र ओळखायला डोळ्यांचा रंग फार उपयोगी, कारण काळ्या छापावरून नक्कल करणाऱ्याला तो ठाऊक नसतो. गॅलरीला सेंट मार्टिन्स प्लेसची कायमची इमारत मिळाली 1896 मध्ये.

त्याच वर्षी तिथे चार्ल्स डार्विनचं चित्र आलं, लांब झगा घातलेलं, जॉन कॉलियरचं. ते 1883 चं, म्हणजे डार्विन गेल्यानंतरचं. कॉलियरने डार्विनला समोर बसवून 1881 मध्ये काढलेलं मूळ लंडनच्याच लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्रज्ञांच्या संस्थेत आहे. गॅलरीतली त्याची स्वतःच्याच हातची नक्कल.