मरीयेचे नित्यकौमार्य : ख्रिस्ती पंथांतील मतभेद

येशूची आई मरीया ही त्याच्या जन्मापूर्वी, प्रत्यक्ष जन्माच्या वेळी आणि त्यानंतर आयुष्यभर कुमारीच राहिली, या श्रद्धेला मरीयेचे नित्यकौमार्य म्हणतात. रोमन कॅथलिक, पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स आणि सिरियन परंपरेतील प्राचीन चर्चे ही श्रद्धा आपल्या धर्ममताचा भाग मानतात. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या आज ती मानत नाहीत, किंवा ती मानण्या-न मानण्याचा प्रश्न ज्याच्या-त्याच्या विवेकावर सोडतात.

दोन वेगळ्या गोष्टींशी या श्रद्धेची नेहमी गल्लत होते, आणि ती केवळ ख्रिस्तेतर वाचकांकडूनच होते असे नाही. मरीयेला पुरुषसंबंधाशिवाय, पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने गर्भ राहिला, हा झाला कुमारीजन्म. तो मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत सांगितलेला असून प्रेषितांच्या मतांगीकारातही (उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या संक्षिप्त कबुलीतही) आहे, त्यामुळे त्याबाबत मुख्य पंथांच्या अधिकृत शिकवणीत भेद नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, खुद्द मरीयाच आपल्या आईच्या उदरात असल्यापासून मूळपापापासून (आदामापासून प्रत्येक माणसाला जन्मतः लागते असे मानलेल्या पापापासून) मुक्त होती, हा निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धांत. तो पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी जाहीर केला आणि तो कॅथलिकांपुरताच आहे. नित्यकौमार्याचा वाद या दोहोंपेक्षा वेगळा आहे. तो मुख्यतः येशूच्या जन्मानंतरच्या काळाविषयी, आणि काही अंशी जन्माच्या क्षणाविषयी आहे.

नागपुरात हा भेद पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. कॅथलिकांचे सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल, म्हणजे नागपूरकरांच्या तोंडचे एसएफएस, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे ऑल सेंट्स कॅथेड्रल ही दोन्ही सदर परिसरातच आहेत. पहिल्या ठिकाणी मिस्सामधील (कॅथलिक उपासनाविधीमधील) पापकबुलीच्या प्रार्थनेत भाविक नित्यकुमारी मरीयेला आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनंती करतात. दुसऱ्या ठिकाणी येशू कुमारी मरीयेपासून जन्मला, एवढाच उच्चार मतांगीकारात होतो आणि उपासना पुढे जाते. १८४५ मध्ये नागपुरात आलेले स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होते आणि त्यांच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या मंडळीवर प्रेसबिटेरियन वळण होते. कॅथलिकांचा नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला. शहरातल्या ख्रिस्ती कुटुंबांत या दोन परंपरांची सोयरीक जुळते तेव्हा मरीयेविषयीचे प्रश्न पुस्तकातून बाहेर येऊन बैठकीत येतात. त्या बैठकीत वाद ‘कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट’ असा सरळ मांडला जातो. इतिहास मात्र त्या मांडणीला साथ देत नाही.

वादाचे मूळ नव्या करारातील मोजक्या वाक्यांत आहे. योसेफाने पुत्र होईपर्यंत मरीयेशी संबंध ठेवला नाही, असे मत्तय १:२५ मध्ये आहे. लूक २:७ मध्ये येशूला ‘प्रथमपुत्र’ म्हटले आहे. मार्क ६:३ मध्ये गावकरी याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन ही येशूच्या भावांची नावेच घेतात आणि बहिणींचाही उल्लेख करतात. पौल गलतीकरांस पत्रात याकोबाला ‘प्रभूचा भाऊ’ म्हणतो. ही वचने सरळ वाचणाऱ्याला मरीयेला पुढे मुले झाली असेच वाटेल. त्यावर नित्यकौमार्य मानणाऱ्यांचे उत्तर असे की, ‘होईपर्यंत’ या शब्दावरून पुढे काय झाले ते कळत नाही. शौलाची मुलगी मीखल हिला मरेपर्यंत मूल झाले नाही, असे शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात (६:२३) म्हटले आहे, याचा अर्थ मेल्यावर झाले असा कोणी घेत नाही. ‘प्रथमपुत्र’ हा यहुदी नियमशास्त्रातला दर्जा आहे, तो पाठीमागून भावंडे येण्यावर अवलंबून नाही. शिवाय वधस्तंभावरून येशूने आपली आई एका शिष्याच्या हवाली केली (योहान १९:२६-२७). तिला आणखी मुलगे असते तर असे करण्याचे कारण काय, हा या पक्षाचा आवडता प्रश्न आहे. त्याला प्रतिपक्षाचे उत्तर योहानाच्याच सातव्या अध्यायात आहे, कारण तेथे येशूचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते असे नमूद आहे.

मग हे भाऊ कोण? या प्रश्नाच्या तीन उत्तरांना इंग्लिश अभ्यासक जे. बी. लाइटफूट यांनी १८६५ मध्ये चौथ्या शतकातील तीन पुरस्कर्त्यांची नावे दिली आणि ती रूढ झाली. हेल्विडियसच्या मते ते मरीया आणि योसेफ यांचेच पुत्र होते. सायप्रसचा बिशप एपिफेनियस याच्या मते ते योसेफाच्या आधीच्या पत्नीचे, म्हणजे येशूचे सावत्र भाऊ होते. बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोम याच्या मते ते येशूचे मावसभाऊ होते. यांपैकी दुसरे उत्तर लेखी स्वरूपात बरेच जुने आहे. दुसऱ्या शतकातील ‘याकोबाचे आद्यशुभवर्तमान’ या बायबलबाह्य ग्रंथात योसेफ हा मुलेबाळे असलेला वयस्क विधुर आहे. त्याच ग्रंथात सलोमी नावाची स्त्री प्रसूतीनंतर मरीयेच्या कौमार्याची हाताने परीक्षा घेऊ पाहते आणि तिचा हात जळू लागतो, असा प्रसंग आहे. पश्चिमेत या ग्रंथाला पुढे नाकारले गेले, पण पूर्वेकडे त्यातली कथा टिकली. आजही ऑर्थोडॉक्स पवित्रचित्रांत मरीयेच्या कपाळावर आणि दोन्ही खांद्यांवर एकेक तारा काढलेला असतो. हे तीन तारे जन्मापूर्वीच्या, जन्मसमयीच्या आणि जन्मानंतरच्या कौमार्याचे चिन्ह मानले जातात.

जेरोमचे मत पश्चिमेत सर्वमान्य झाले, म्हणून ते जरा तपासून पाहिले पाहिजे. त्याचा आधार असा की, हिब्रूत ‘भाऊ’ हा शब्द जवळच्या नातलगालाही लावतात. उत्पत्तीत अब्राहाम आपला पुतण्या लोट याला भाऊच म्हणतो. मराठी घरात चुलत, मावस, आते, मामे असे सगळेच ‘भाऊ’ असतात, त्यामुळे हा युक्तिवाद आपल्याकडे चटकन पटतो. पण नवा करार ग्रीकमध्ये लिहिला गेला, आणि ग्रीकमध्ये चुलत-मावसभावासाठी स्वतंत्र शब्द होता. कलस्सैकरांस पत्रात (४:१०) तो बर्णबाच्या नातलगासाठी वापरलाही आहे. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक हेगेसिप्पस तर याकोबाला प्रभूचा भाऊ म्हणतो आणि यरुशलेमचा पुढचा बिशप, क्लोपाचा मुलगा शिमोन, याला प्रभूचा चुलतभाऊ म्हणतो. म्हणजे दोन नात्यांतला फरक त्याला ठाऊक होता. जेरोमने आपल्या मताला जुन्या परंपरेचा आधार दिलेला नाही, हे लाइटफूट यांनी दाखवून दिले. वधस्तंभाजवळच्या स्त्रियांचा उल्लेख करणारे योहान १९:२५ हे वचन जेरोमसारखे वाचायचे तर दोन सख्ख्या बहिणींचे नाव मरीयाच होते, असेही मानावे लागते. केवळ भाषेच्या बाजूने पाहिले तर एपिफेनियसचे उत्तर जेरोमच्या उत्तरापेक्षा कमी ओढाताणीचे आहे.

या तिघांच्याही आधी हा प्रश्न मोकळा होता. ख्रिस्ती लेखक टर्टुलियन (सु. १६०–२२०) हा ख्रिस्ताचा देह खरोखरचा मानवी देह होता हे ठासून सांगण्याच्या भरात, प्रसूती इतर प्रसूतींसारखीच झाली असे बेधडक लिहितो. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती विद्वान ओरिजेन हा मात्र भाऊ योसेफाच्या पहिल्या पत्नीचे होते या मताकडे झुकतो. तेव्हा यावरून कोणी कोणाला पाखंडी ठरवले नव्हते. चौथ्या शतकात संन्यस्त ब्रह्मचर्याची लाट आली आणि चित्र पालटले. हेल्विडियसने रोममध्ये लिहिलेला ग्रंथ आज उपलब्ध नाही. तो आपल्याला सु. ३८३ मध्ये जेरोमने दिलेल्या तिखट प्रत्युत्तरातून कळतो. कुमारिका या अब्राहाम, इसहाक आणि याकोब या विवाहित पुरुषांपेक्षा श्रेष्ठ आहेत काय, हा हेल्विडियसचा प्रश्न जेरोमने स्वतःच नोंदवला आहे आणि वादाचे खरे मर्म त्या प्रश्नात आहे. मरीया कुमारी राहिली की संसारी झाली, या प्रश्नाआडून भांडण चालले होते ते विवाहाच्या प्रतिष्ठेचे. दशकभराने जोव्हिनियन या तपस्व्याने बाप्तिस्मा घेतलेल्या विवाहिताचे आणि ब्रह्मचाऱ्याचे पुण्य समान, असे शिकवले आणि प्रसूतिसमयीचे कौमार्यही नाकारले. रोमचा बिशप सिरिसियस आणि मिलानचा बिशप अँब्रोझ यांनी त्याला दोषी ठरवले. अँब्रोझने यहेज्केलाच्या ग्रंथातील (४४:२) कायमचा बंद राहणारा दरवाजा हे मरीयेचे रूपक मानले. जोव्हिनियनविरुद्ध जेरोमने जे लिहिले ते विवाहाला इतके हिणवणारे होते की, त्याचा मित्र पम्माकियस याने त्या ग्रंथाच्या प्रती परत गोळा करण्याचा प्रयत्न केला.

पुढची निश्चिती वेगाने झाली. पोप लिओ यांच्या ४४९ च्या पत्राने कौमार्य अबाधित ठेवून झालेल्या जन्माची भाषा वापरली, ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या दुसऱ्या परिषदेने मरीयेला ‘नित्यकुमारी’ म्हटले आणि ६४९ च्या लॅटरन परिषदेने हे मत नाकारणाऱ्यांचा निषेध केला.

बैठकीतली मांडणी ढासळते ती सोळाव्या शतकात. प्रोटेस्टंट सुधारणेच्या नेत्यांनी पोपची सत्ता, संतांची आळवणी, मठवासी ब्रह्मचर्याचे श्रेष्ठत्व हे सगळे झुगारले, पण मरीयेचे नित्यकौमार्य झुगारले नाही. मार्टिन ल्यूथर आयुष्यभर ते मानत राहिला. त्याने लिहिलेल्या १५३७ च्या श्मालकाल्ड कलमांच्या, म्हणजे ल्यूथरपंथी श्रद्धेच्या निवेदनाच्या, लॅटिन पाठात मरीया ‘सदैव कुमारी’ आहे. झ्युरिकच्या झ्विंग्लीने १५२२ मध्ये याच विषयावर प्रवचन प्रसिद्ध केले. स्विस सुधारित चर्चेच्या १५६६ च्या दुसऱ्या हेल्व्हेटिक मतांगीकारातही हे विशेषण कायम आहे. जिनिव्हाचा सुधारक कॅल्व्हिन अधिक सावध होता. मत्तयाच्या वचनावरून जन्मानंतर काय घडले याचे कोणतेच अनुमान निघत नाही, आणि वादाची हौस असल्याखेरीज कोणी हा प्रश्न ताणणार नाही, असे त्याचे म्हणणे. त्याने हेल्विडियसला अज्ञानी ठरवले, पण नित्यकौमार्याला श्रद्धेचे कलमही केले नाही. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७४९ मध्ये एका रोमन कॅथलिकाला लिहिलेल्या पत्रात मरीया प्रसूतीनंतरही निष्कलंक कुमारी राहिली, असा आपला विश्वास नोंदवला. नागपुरातले किती मेथडिस्ट आज त्याच्याशी सहमत होतील, हा प्रश्न वेगळा. नित्यकौमार्य नाकारणे ही प्रोटेस्टंटांची रूढ भूमिका झाली ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत. एकीकडे बायबलची ऐतिहासिक चिकित्सा सुरू झाली, तर दुसरीकडे पाळकाचे विवाहित कुटुंब हेच प्रोटेस्टंट आदर्शाचे रूप बनले, आणि या आदर्शाला मरीयेचे मुलाबाळांचे घर अधिक मानवले.

विसाव्या शतकात कॅथलिक अभ्यासकांतही हालचाल झाली. व्हिएन्नाचे आल्बर्ट मिटेरर यांनी १९५२ मध्ये प्रसूतिसमयीच्या कौमार्याचा शारीरिक अर्थ लावण्यावर आक्षेप घेतला आणि पुढे जेझुइट धर्मशास्त्रज्ञ कार्ल राहनर यांनीही त्या चर्चेत भाग घेतला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये, येशूच्या जन्माने आईचे कौमार्य उणे न होता पवित्र झाले, एवढे म्हणून शरीरशास्त्रीय तपशील टाळला. कॅथलिक धर्मगुरू आणि इतिहासकार जॉन मायर यांनी १९९१ मध्ये, निव्वळ ऐतिहासिक पुराव्यावर पाहता हे सख्खे भाऊ असण्याचीच शक्यता अधिक, असा निष्कर्ष मांडला. तरीही चर्चची अधिकृत शिकवण बदलली नाही.

भारतात या प्रश्नाचे वळण निराळे आहे, आणि त्यात नागपूरचे स्थान योगायोगाने मध्यवर्ती आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरातील ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये अँग्लिकन, प्रेसबिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेचे संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट अशा सहा मंडळ्यांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले. दीर्घ वाटाघाटींत बिशपपद आणि बाप्तिस्म्याचे वय यांवर घासाघीस झाली, आणि बालकाचा व प्रौढाचा असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य करण्यात आले. सैद्धांतिक पायासाठी प्रेषितांचा आणि नायसीन हे दोन मतांगीकार स्वीकारले गेले. त्यांत ‘कुमारी’ आहे, ‘नित्यकुमारी’ नाही. त्यामुळे मरीयेला वेस्लीप्रमाणे पाहणारा आणि हेल्विडियसप्रमाणे पाहणारा, असे दोघेही या चर्चचे सभासद राहू शकतात.

नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया या संस्थेचे मुख्यालयही नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये आहे. तिच्यात प्रोटेस्टंट मंडळ्यांबरोबर केरळातील सिरियन परंपरेची ऑर्थोडॉक्स चर्चेही सभासद आहेत, कॅथलिक चर्च नाही. म्हणजे नित्यकौमार्य ठामपणे मानणारे आणि ते साफ नाकारणारे येथे एकाच टेबलाभोवती बसतात. मल्याळी ख्रिस्ती समाजातही हीच दुफळी दिसते. ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट घरांत १ ते ८ सप्टेंबर मरीयेच्या नावे उपास पाळला जातो. त्याच सिरियन परंपरेतून निघालेल्या मार थोमा चर्चने मात्र एकोणिसाव्या शतकात अब्राहाम मल्पान यांच्या सुधारणेनंतर मरीयेला आणि संतांना उद्देशून केलेल्या प्रार्थना वगळल्या. ही रेघ मरीयेच्या कौमार्यावर नव्हे, तिची आळवणी करावी की नाही यावर ओढलेली आहे, आणि नागपुरातील कॅथलिक-प्रोटेस्टंट कुटुंबांतही घासते ती बहुतेक तिथेच : घरात जपमाळ म्हणायची की नाही, मरीयेची मूर्ती ठेवायची की नाही. मरीयेला पुढे मुले झाली की नाही हा मुद्दा या भांडणात पुरावा म्हणून ओढून आणला जातो, कारण एका बाजूला तिचे वेगळेपण दाखवायचे असते आणि दुसऱ्या बाजूला तिचे सामान्यपण.