एअर रायफलचा स्कोप : निवड आणि पारख

हवेच्या दाबाने ४.५ मिमी व्यासाचा छर्रा सोडणाऱ्या रायफलवर नेम धरण्यासाठी बसवलेली दुर्बीण. तिच्या नळीत क्रॉसहेअर म्हणजे रेषांची फुली असते. नेमबाज आणि दुकानदार तिला स्कोपच म्हणतात. काडतुसाच्या रायफलवर उत्तम चालणारा स्कोप एअर रायफलवर चालेलच असे नाही, कारण इथे लक्ष्य फार जवळ असते आणि स्प्रिंगच्या रायफलचा धक्का उलटसुलट बसतो. स्कोपचा दर्जा आधी या दोन गोष्टींवर ठरतो. किती पट मोठे दिसते, हा प्रश्न नंतरचा. नागपूरसारख्या गावात ऊन हाही एक निकष धरावा लागतो.

आपण कोणत्या प्रकारात उतरणार, हे खरेदीआधी पक्के असावे. ऑलिंपिकमधील १० मी. एअर रायफल प्रकारात स्कोपला परवानगीच नाही. तिथे डोळ्याजवळ बारीक छिद्राची पीप साइट आणि रायफलच्या नळीच्या टोकाशी गोल कडे, एवढ्यावर नेम धरायचा असतो. अभिनव बिंद्राचे २००८ चे बीजिंगमधील सुवर्ण आणि गगन नारंगचे २०१२ चे लंडनमधील कांस्य याच प्रकारातले. शालेय स्पर्धांतही ओपन साइट (नळीवरची साधी खाच आणि टोकाची माशी) आणि पीप साइट असेच गट असतात. मुलगा किंवा मुलगी नुकतीच नेमबाजीच्या वर्गाला जाऊ लागली असेल, तर पालकांनी हौसेने स्कोप आणू नये. तेच पैसे चांगल्या पीप साइटला आणि छर्‍यांना लावावेत. स्कोप खरा कामाला येतो तो बेंचरेस्टमध्ये, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून २५ मीटरवर खेळायच्या प्रकारात, फील्ड टार्गेटमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवरच्या पत्र्याच्या लक्ष्यांवर नेम धरायच्या प्रकारात, आणि घरगुती सरावात. ४.५ मिमीपेक्षा मोठ्या व्यासाच्या किंवा २० जूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या एअर रायफलला शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवाना लागतो. तेव्हा स्कोप निवडताना ४.५ मिमीची, बेताच्या ताकदीची रायफल डोळ्यापुढे ठेवावी.

निवडीत सर्वांत जास्त चुका पॅरॅलॅक्सबाबत, म्हणजे डोळा हलला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसण्याबाबत, होतात. पुढच्या भिंगाने तयार केलेली लक्ष्याची प्रतिमा क्रॉसहेअरच्या बरोबर पातळीवर पडली, तर डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी फुली लक्ष्यावरून हलत नाही. प्रतिमा मागेपुढे पडली, की गाल जरासा सरकताच फुली लक्ष्यावर तरंगू लागते. काडतुसाच्या रायफलचे बहुतेक साधे स्कोप कारखान्यातच १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर जुळवलेले असतात. असा ४० मिमी भिंगाचा स्कोप १० मीटरवर वापरला, तर डोळा अगदी कडेला गेल्यावर होणारी चूक हिशेबाने जवळजवळ १८ मिमी येते. दहा मीटरच्या कागदी लक्ष्याचे सर्वांत बाहेरचे वर्तुळ ४५.५ मिमीचे, त्यातला काळा भाग ३०.५ मिमीचा आणि दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिमीचा असतो. यापुढे १८ मिमी म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. शिवाय एवढ्या जवळचे चित्र अशा स्कोपमधून धूसरच दिसते. म्हणून १० मीटर किंवा त्याहून जवळ जुळवता येणारा स्कोपच घ्यावा. जुळवणीचे कडे पुढच्या भिंगाभोवती असते किंवा नळीच्या डाव्या बाजूला चाक असते. बाजूचे चाक बसल्या जागी फिरवता येते. पुढचे कडे स्वस्त पडते आणि सरावाला पुरते. पारख घरीच होते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून ती वाळूच्या पिशवीवर पक्की बसवावी, फुली कागदावरच्या ठिपक्यावर आणावी आणि रायफलला हात न लावता डोके हलवून पाहावे. फुली ठिपक्यावर चिकटून राहिली पाहिजे.

स्प्रिंगच्या रायफलीत दट्ट्या पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते आणि दट्ट्या नळकांड्याच्या टोकाशी थांबताच तीच रायफल पुढे झटका खाते. काडतुसाच्या बंदुकीचा धक्का मुख्यतः मागे बसतो आणि तिच्या स्कोपची भिंगे त्याच दिशेने आवळलेली असतात. त्यामुळे मोठ्या बंदुकीवर वर्षानुवर्षे टिकलेला स्कोप स्प्रिंगच्या रायफलवर काही दिवसांतच ढिला पडू शकतो. भिंग सैल होते, फुली तिरकी होते, कधी तुटतेही. खोक्यावर ‘एअर रायफलसाठी’ असे छापलेले पुरेसे नाही. दोन्ही दिशांच्या धक्क्याला स्कोप चालतो का आणि फुली सरकली तर बदलून मिळेल का, हे दुकानदाराकडून लिहून घ्यावे. आधीच भरलेल्या हवेवर चालणाऱ्या पीसीपी रायफलला असा झटका नसतो, तेव्हा तिच्यावर नाजूक स्कोपही टिकतो.

मोठ्या आकड्यांचा मोह नागपुरात विशेष आवरावा लागतो. मार्च उलटला की इथे सकाळी दहापासूनच जमिनीवरून तापलेली हवा लहरत वर येऊ लागते आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर उघड्या मैदानावर ५० मीटरवरचे लक्ष्य पाण्यात बुडाल्यासारखे थरथरते. पट जितकी जास्त, तितकी ही थरथरही मोठी दिसते. ३ ते ९ पट आणि ४० मिमी भिंग एवढ्यावर बहुतेकांचे भागते, बेंचरेस्टला जास्त लागते. भिंगाच्या व्यासाला पटीने भागले, की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ४० मिमीला १० पटीवर ती ४ मिमी भरते. कडक उन्हात बाहुली २-३ मिमीपर्यंत आकसलेली असते, म्हणून नुसत्या उजेडासाठी ५६ मिमीचे जड भिंग घेण्यात अर्थ नाही. फील्ड टार्गेटवाल्यांचे गणित वेगळे. त्यांची पत्र्याची लक्ष्ये साधारण ७ ते ५० मीटरवर, न सांगितलेल्या अंतरांवर उभी असतात आणि जास्त पटीवर चित्र कुठे स्वच्छ होते, ते बाजूच्या चाकावर वाचून अंतर ओळखायचे असते. तापमान बदलले की चाकावरचा हा आकडा सरकतो. डिसेंबरच्या पहाटे केलेल्या खुणा मे महिन्यात दगा देतात, म्हणून दोन ऋतूंच्या खुणा वेगळ्या ठेवाव्यात.

भिंगाची पारख दुकानातल्या ट्यूबलाइटखाली होत नाही. सुटा स्कोप हातात घेऊन संध्याकाळी फुटाळा तलावाच्या काठावरून पलीकडची झाडे पाहावीत. रायफलवर चढवलेला स्कोप लोकांकडे कधीही रोखू नये. फांद्यांच्या कडांना जांभळी-हिरवी किनार दिसते का, मध्यभाग स्वच्छ असून कडा धूसर आहेत का, अंधारू लागताना चित्र किती वेळ टिकते, हे तिथे दहा मिनिटांत कळते.

मनोरे, म्हणजे फुली वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या स्कोपवरच्या चकत्या, फिरवले की बसणारी प्रत्येक क्लिक मोजकी आणि खरी असावी. पाव मिनिटाची (कोनाचे मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १० मीटरवर छर्रा सुमारे ०.७ मिमी सरकवते, २५ मीटरवर १.८ मिमी. चाचणी अशी करावी: पाच छर्रे मारावेत, मग २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे असे फिरत प्रत्येक थांब्यावर पुन्हा पाच. छिद्रांचा शेवटचा घोळका पहिल्यावर येऊन बसला पाहिजे. इथे नापास झालेला स्कोप कितीही चकचकीत दिसला तरी परत करावा. माझ्या मते हीच सर्वांत मोठी कसोटी आहे.

माउंटवर, म्हणजे स्कोप रायफलला आवळून धरणाऱ्या रिंगांच्या जोडीवर, कंजुषी केली, की चांगला स्कोपही वाया जातो. रायफलीवरच्या खाचा बहुधा ११ मिमीच्या, पण माप कमीजास्त निघते, म्हणून व्हर्नियरने मोजूनच रिंगा घ्याव्यात. स्कोपची नळी २५.४ मिमीची आहे की ३० मिमीची, हेही पाहावे. स्प्रिंगच्या रायफलवर माउंट मागे घसरू नये म्हणून थांबखुंटी हवीच. स्कोप रायफलच्या नळीच्या चारसाडेचार सेंमी वर बसतो. त्यामुळे १० मीटरवर जुळवलेली रायफल ५ मीटरवर जवळजवळ २ सेंमी खाली मारते. नवखे नेमबाज याचा दोष स्कोपला देतात.

नळीत नायट्रोजन भरलेला असावा, नाहीतर पावसाळ्यात आतून वाफ धरते. नागपुरात उन्हाळाही यातून सुटत नाही, कारण वाळ्याच्या ताट्यांचा कूलर दिवसभर चालणाऱ्या खोलीत हवा दमट असते आणि भिंगावर बुरशी चढते. स्कोप कूलरच्या झोतापासून दूर, बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पुड्या अधूनमधून गरम करून पुन्हा कोरड्या कराव्यात. बंद गाडीत तो कधीच सोडू नये. उन्हात ठेवताना दोन्ही टोकांना झाकणे लावावीत, कारण भिंगातून एकवटलेले सूर्यकिरण आतली फुली जाळू शकतात.